दोष कुणाचा? घरगुती व्हिडिओ कॅसेटच्या डिजिटल प्रतींची चिकित्सा



आजच्या व्याख्यानाचं नाव पत्रिकेत छापून आलं तेव्हा काहींनी विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांचा आणि व्हिडिओ कॅसेटचा काय संबंध? संबंध आहे. आम्ही आयुष्यभर प्रमाणशास्त्र शिकवलं. त्या शास्त्राचा मुख्य प्रश्न तसा साधाच आहे. समोरची वस्तू जशी दिसते तशीच ती आहे, की पाहण्यात कुठे दोष शिरला म्हणून ती तशी दिसते? काविळीच्या माणसाला पांढरा शंख पिवळा दिसतो, हे आपल्याकडचं जुनं उदाहरण. आता जुन्या कॅसेटवरून पेन ड्राइव्हमध्ये उतरवलेलं आपल्याच घरातलं एखादं लग्न बघा. शालूचा रंग कडेनं सांडतोय, कुणी हललं की अंगाला कंगव्यासारखे दात फुटतायत, चित्राचा वरचा भाग एका बाजूला वाकलाय, आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा. घरातले सगळे एकच निकाल देतात, ‘कॅसेट खराब झाली.’ या निकालाची आज आपल्याला तपासणी करायची आहे. आमच्या पाहण्यात असं आलंय, की बरेचदा शंख पांढराच असतो, कावीळ भलत्यालाच झालेली असते.

हा विषय आत्ताच घेण्याला कारण आहे. व्हीएचएस ही पद्धत १९७६ साली जपानमध्ये आली. आपल्याकडे १९८२च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्तानं रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, पाठोपाठ व्हीसीआर आले, आणि काही वर्षांतच लग्नामुंजीत फोटोग्राफरच्या शेजारी खांद्यावर कॅमेरा घेतलेला व्हिडिओवाला दिसू लागला. त्याच्यामागे हॅलोजनचा दिवा धरलेला पोऱ्या. पुढे सीडी आणि डीव्हीडी येईपर्यंतचं आपलं घरगुती आयुष्य, म्हणजे माणसं कशी चालत होती, कशी बोलत होती, कशी हसत होती, ते बहुतेक ठिकाणी या फितींवरच आहे. आणि फिती वाचणारी यंत्रं संपत आली. व्हीसीआर बनवत राहिलेली फुनाई ही जपानी कंपनी, तिनं जुलै २०१६मध्ये उत्पादन थांबवलं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहानं तर २०१५ सालीच २०२५ ही मुदत सांगितली होती. तोवर ज्या चुंबकीय फिती डिजिटल होणार नाहीत, त्यातल्या बहुतेक हातच्या जातील, असा तो इशारा होता. फीत टिकली तरी ती वाजवणारं यंत्र, त्याचे सुटे भाग आणि ते दुरुस्त करणारा माणूस मिळाला नाही, तर फितीचा उपयोग काय? तेव्हा आज ज्या प्रती निघतायत, त्यातल्या कित्येक शेवटच्या प्रती ठरणार आहेत. शेवटच्या प्रतीची चिकित्सा करायची नाही, तर कशाची करायची?

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका वाड्यात १९८८ साली झालेल्या मुंजीची ही कॅसेट. ई-१८०, तीन तासांची. वाडा आता उरलेला नाही. मुंजमुलगा आज पंचेचाळिशीचा गृहस्थ आहे. त्याच्या आजी पुढे दोन-तीन वर्षांत वारल्या. त्यांचं हलतं चित्र आणि त्यांचा आवाज या कॅसेटखेरीज दुसरीकडे कुठेही नाही. साधारण दोन तास झाल्यावर भिक्षावळीचा प्रसंग येतो. तिथे आजी कॅमेऱ्याकडे वळून काहीतरी बोलतात. काय बोलतात, हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. या एका कॅसेटच्या तीन डिजिटल प्रती त्या घरात होत्या. तिन्ही आम्ही शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या.

पहिली प्रत एका दुकानातून करून आणलेली डीव्हीडी. तीन तासांचा मजकूर ४.७ जीबीच्या एका तबकडीत कोंबलेला. हिशेब करा, आवाज धरून सेकंदाला साडेतीन मेगाबिटसुद्धा वाट्याला येत नाहीत. त्यात जुन्या फितीवरच्या मुंग्या म्हणजे क्षणोक्षणी बदलणारे लाखो ठिपके. यंत्राची सगळी शक्ती मुंग्या साठवण्यात खर्च होते आणि माणसांच्या चेहऱ्यांचे चौकोनी ठोकळे होतात. शिवाय दुकानदारानं हौसेनं भिक्षावळीवर एका सिनेमाचं गाणं चढवलंय. आजींचे ओठ हलतात आणि गाणं वाजतं. (हशा) हसायला येतं खरं, पण घरच्यांना कित्येक वर्षं वाटत होतं, की हे गाणं मूळ कॅसेटमध्येच असणार.

दुसरी प्रत पुतण्यानं घरी केलेली. व्हीसीआर, पिवळी-पांढरी-लाल वायर, आणि संगणकाला लावायचं अंगठ्याएवढं एक स्वस्त यंत्र. हिच्यात गाणं नाही, म्हणजे गाणं दुकानात शिरलं हे सिद्ध झालं. दोन प्रती ताडून पाहिल्याचा हा पहिला फायदा. पण या प्रतीतली माणसं आडवी फुगलेली आहेत. मूळ चित्र चारास तीन या प्रमाणाचं, ते नव्या टीव्हीच्या सोळास नऊ या चौकटीत ताणलं की प्रत्येक माणूस एक तृतीयांशानं रुंद होतो. आणि त्याहून वाईट म्हणजे आवाज मागे-पुढे झालाय. सुरुवातीला सगळं जुळतं. तासाभरानं भटजींचे ओठ आणि मंत्र यांची फारकत होते. भिक्षावळीपर्यंत तर आजी बोलतात आणि ऐकू येतो वाढप्यांचा गलबला. हे कशानं होतं? आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला पंचवीस चौकटी. तीन तासांच्या झाल्या दोन लाख सत्तर हजार. जुन्या फितीचा संकेत डळमळला की स्वस्त यंत्र एखादी चौकट गिळतं, आणि गिळली हे सांगत नाही. हजारात एक गळाली तरी तीन तासांत २७० चौकटी, म्हणजे जवळजवळ अकरा सेकंद. चित्र तेवढं आखूड होतं, आवाज मात्र पूर्ण लांबीचा राहतो.

तिसरी प्रत सगळ्यात देखणी. दुसऱ्या प्रतीवरूनच, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका सेवेकडून ‘सुधारून’ घेतलेली. मुंग्या नाहीत, खरखर नाही, कडा रेखीव. घरात हीच सगळ्यांना आवडली होती. हिच्याकडे आम्ही शेवटी येऊ, कारण आमचा खरा वाद हिच्याशी आहे.

तीन प्रती आणि तिघींचे दोष निराळे. मग ‘कॅसेट खराब झाली’ या वाक्याला अर्थ काय राहिला? एकाच आईची ही लेकरं. दोष आईचा असता तर तो तिघींत सारखा उतरला असता. जो दोष सगळ्या प्रतींत आहे तो कदाचित मुळातला, आणि जो एकीतच आहे तो तिच्या वाटेवरचा. नैयायिक ज्याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात, ती हीच रीत. एक गोष्ट असली की दुसरी असते, ती काढली की दुसरीही जाते, हे दोन्ही तपासायचं. व्यवहारात याचा अर्थ एवढाच, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. लोक काय करतात? व्हीसीआर बदलतात, वायर बदलतात, संगणकावरचा प्रोग्रॅमही त्याच दिवशी बदलतात. मग चित्र सुधारलं तरी का सुधारलं ते कळत नाही.

दोष राहू शकेल अशी चार घरं आहेत. पहिलं घर चित्रीकरणाचं, दुसरं फितीचं, तिसरं ती वाजवणाऱ्या यंत्राचं आणि चौथं ती उतरवून घेणाऱ्या यंत्राचं. कुठल्या घरात चोर आहे हे पाहिल्याशिवाय दंडुका उगारायचा नाही. त्या कुटुंबानं मूळ कॅसेट जपून ठेवली होती, हे नशीब. मुंजमुलगा, टीव्ही-व्हीसीआर दुरुस्तीत हयात घालवलेले एक जाणकार गृहस्थ आणि आम्ही, असे तिघं तीन रविवार बसलो. काय केलं ते क्रमानं सांगतो.

आधी कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीची कड पाहायची. आपल्याकडच्या पावसाळ्यात माळ्यावरच्या कॅसेटला बुरशी धरते. ती पांढरट भुकटीसारखी किंवा जाळीसारखी दिसते. तशी दिसली तर कॅसेट यंत्रात घालायचीच नाही. फीत तर बिघडतेच, पण हेडवर बुरशी बसून पुढच्या चार कॅसेटही बिघडतात. अशी कॅसेट जाणत्याकडून साफ करून घ्यावी. या कॅसेटला बुरशी नव्हती. मग ती एकदा शेवटापर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवली. वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेल्या फितीचा ताण त्यानं सारखा होतो.

दुसरी पायरी यंत्राची परीक्षा. आपल्या माहितीची, चांगली चालणारी दुसरी कॅसेट त्याच व्हीसीआरमध्ये लावायची. तिच्यातही मुंग्या आल्या तर दोष यंत्राचा. बहुधा हेड मळलेलं असतं. व्हीसीआरच्या पोटात एक तिरकं पिंप असतं. ते आपल्या पद्धतीत मिनिटाला पंधराशे फेरे घेतं. त्यावरची हेड फितीवर तिरक्या रेघा वाचत जातात. एक रेघ सुमारे ४९ मायक्रॉन रुंदीची, केसाहूनही बारीक. तिथे मळाचा कण अडकला तर चित्र जाणारच. आणि हेड रेघेच्या जरा बाजूनं धावलं की चित्रात आडवा मुंग्यांचा पट्टा येतो. त्यासाठीच तर ट्रॅकिंगचं बटण. आमच्या पिढीला ते आठवत असेल. नव्या पिढीला ते बटण कशासाठी असतं हेच माहीत नाही, म्हणून ती पट्टा आला की फितीला दोष देते.

तिसरी पायरी मौजेची आहे. हीच कॅसेट जुन्या, काचेच्या फुगीर नळीच्या टीव्हीवर लावली. चित्र वर वाकत नव्हतं! सपाट नव्या टीव्हीवर लावली की वाकायचं, संगणकात उतरवली की वाकायचं आणि चौकटीही गळायच्या. मग दोष नव्या यंत्राचा म्हणायचा का? तसंही नाही. फीत म्हातारी झाली, थोडी ताणली गेली, तिच्यावरच्या रेघा घड्याळाच्या ठोक्याला येत नाहीत, किंचित पुढे-मागे येतात. हा दोष खरा आहे. पण जुना टीव्ही ते चालवून घेत असे. डिजिटल यंत्र काटेकोर. त्याला ठोका चुकलेला चालत नाही. म्हणजे पाहणारा सहनशील असेल तर दोष दिसत नाही, काटेकोर असेल तर दिसतो. याला उपाय आहे. टाइम बेस करेक्टर नावाचं यंत्र मध्ये बसवतात. ते प्रत्येक रेघ क्षणभर धरून ठेवतं आणि ठोक्यावर सोडतं. काही वरच्या दर्जाच्या व्हीसीआरमध्ये आणि कॅमेऱ्यांमध्ये ते आतच असतं. ते मध्ये घातल्यावर वाकडेपण बरंचसं गेलं आणि तीन तासांत एकही चौकट गळाली नाही.

चौथी पायरी आवाजाची. साध्या व्हीएचएसचा आवाज फितीच्या कडेला एका अरुंद पट्टीत सरळ लिहिलेला असतो. ऑडिओ कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावते, आपली व्हीएचएस २.३४. निम्म्याहून कमी वेग, त्यामुळे उंच स्वर मुळातच कमी. त्यात आवाजाच्या हेडचा कोन लिहिताना एक आणि वाचताना जरा निराळा असला, तर स, श, च ही अक्षरं आधी जातात. ऐकणाऱ्याला वाटतं आवाज बसला. आम्ही हीच कॅसेट दुसऱ्या व्हीसीआरवर लावली तर आवाज थोडा उघडला. म्हणजे फितीवर आवाज शिल्लक होता. मग त्या गृहस्थांनी पहिल्या यंत्रातल्या आवाजाच्या हेडचा बारीक स्क्रू कानानं ऐकत अगदी केसभर फिरवला. हे काम ज्याचं त्यानंच करावं. आणि भिक्षावळीत आजी स्पष्ट बोलल्या. खांद्यावर कॅमेरा घेऊन सकाळपासून उभ्या असलेल्या त्या पोराला त्या विचारत होत्या, ‘तू जेवलास का रे?’

घरच्यांचा समज होता, की आजी नातवाला आशीर्वाद देतायत. मित्रहो, एका अक्षराच्या खरखरीत माणसाचा स्वभाव लपलेला असतो, तो असा.

पाचवी पायरी उजेडाची. पहिल्या दोन्ही प्रतींत मुंजमुलाचं धोतर म्हणजे नुसता पांढरा ठिगळ. हा दोष १९८८च्या हॅलोजनचा की आजच्या उतरवणुकीचा? परीक्षा सोपी आहे. संकेताचे आकडे होण्याआधी, उतरवतानाच उजेडाची पातळी खाली घ्यायची. धोतराच्या निऱ्या परत दिसू लागल्या, म्हणजे तो दोष चौथ्या घरातला. पाठीमागची भिंत मात्र पांढरीफटक राहिली. तिथला तपशील कॅमेऱ्यानं टिपलाच नव्हता. तो दोष पहिल्या घरातला, आणि तो तसाच राहू द्यायचा. वाजंत्री जोरात वाजू लागली की माणसांचे आवाज दबतात, हेही तसंच. त्या काळच्या कॅमेऱ्यात आवाज आपोआप कमी-जास्त करण्याची सोय असे, तिचं ते काम. तो त्या दिवसाचा भाग झाला.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेट कित्येक घरांत ‘वाया गेलेल्या’ म्हणून पडून आहेत. आपल्या व्हीसीआरवर चित्र काळं-पांढरं दिसतं आणि पळतं. त्यातल्या बऱ्याच धडधाकट असतात. तिकडची पद्धत एनटीएससी, ५२५ रेघांची. आपली पाल, ६२५ रेघांची. मोडी न येणाऱ्यानं मोडीतला कागद फाटका म्हणून टाकून द्यावा, तसं हे झालं.

आता या सगळ्यातून आम्हाला काय म्हणायचंय? पुण्यात बसून हे बोलताना भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची आठवण होणारच. तिथे महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९१९ पासून १९६६ पर्यंत सिद्ध होत गेली. विष्णु सीताराम सुखठणकरांनी संपादलेलं आदिपर्व १९३३ साली पूर्ण झालं. निरनिराळ्या लिप्यांतल्या पोथ्या समोर ठेवायच्या, त्यांची घराणी लावायची, कुठली चूक कुठल्या लेखकूच्या हातून शिरली ते शोधायचं, आणि मग पाठ ठरवायचा. संपादकांच्या दोन सवयी आम्हाला फार मोलाच्या वाटतात. जिथे पाठाची पुरेशी खात्री नाही, तिथे त्यांनी अक्षरांखाली नागमोडी रेघ दिली. आणि जे श्लोक मागाहून घुसलेत असं ठरलं, ते फेकून दिले नाहीत, तारांकित करून तळटीपेत छापले. वाचणाऱ्याला दिसतं, की हे मूळ, हे संशयित आणि हे मागाहूनचं.

पोथ्यांना तीन रोग होतात. काही गळतं, काही बिघडतं, काही घुसतं. लोप, विकार आणि प्रक्षेप. आमच्या तीन प्रतींत तिन्ही रोग आहेत. गळालेल्या चौकटी हा लोप. फुगलेली माणसं आणि ठोकळे झालेले चेहरे हा विकार. आणि सिनेमाचं गाणं हा प्रक्षेप. लोप आणि विकार डोळ्याला खुपतात, त्यामुळे आज ना उद्या पकडले जातात. प्रक्षेप सुंदर असतो. म्हणून तो टिकतो.

आता त्या देखण्या तिसऱ्या प्रतीकडे वळू. (इथे दोन चित्रं पडद्यावर शेजारी-शेजारी दाखवण्यात आली.) डावीकडे आम्ही नव्यानं उतरवलेलं चित्र. धूसर आहे, मुंग्या आहेत. व्हीएचएसवर उजेडाचा तपशील जेमतेम २४० रेघांचा, रंगाचा तर त्याहून पुष्कळ कमी. पण आजींच्या दोन भुवयांच्या मध्ये एक काळसर ठिपका बघा. तो गोंदणाचा. त्यांच्या थोरल्या मुलीनं खात्री दिली. आता उजवीकडे बघा. कपाळ स्वच्छ. गोंदण नाही. लुगड्याच्या काठावर मात्र बारीक वेलबुट्टी आली आहे, जी डावीकडे कुठेच नाही. ओठांच्या कडेच्या सुरकुत्या गेल्या आहेत. आवाजातली खरखर काढताना तर ‘जेवलास का रे’ मधले ज-स गुळगुळीत होऊन गेले, उरली नुसती गुणगुण.

यंत्राची यात काही लबाडी नाही. त्यानं हजारो चेहरे पाहिलेत, आणि जिथे तपशील अपुरा असतो तिथे ते चेहरे बहुधा कसे असतात तसं ते भरून टाकतं. आमच्या शास्त्राच्या भाषेत, जिथे विशेष दिसत नाही तिथे ते सामान्य बसवतं. त्याला ‘म्हातारी बाई’ ठाऊक आहे. ही म्हातारी बाई ठाऊक नाही. गोंदण त्याच्या लेखी फितीवरचा डाग. आणि नातवंडांनी पन्नास वर्षांनी ही एकच प्रत पाहिली, तर त्यांच्या लेखी पणजीच्या कपाळावर गोंदण नव्हतंच.

यावर एक आक्षेप येतो आणि तो आम्ही हलका मानत नाही. ‘सर, लोकांना आनंद हवाय, तुम्ही त्यांना पुराणवस्तू-संशोधन सांगताय. धूसर चित्र तीन तास कोण बघणार?’ बरोबर आहे. वीस मिनिटांची नीटस प्रत करा, रंग खुलवा, गाणंसुद्धा घाला. आमची काही हरकत नाही. आमचं म्हणणं एवढंच, की पाहण्याची प्रत आणि जपण्याची प्रत या दोन ठेवा, आणि एकीवर दुसरीचं नाव घालू नका. सुधारणेतही दोन जाती आहेत, त्या ओळखा. हेड साफ करणं, ट्रॅकिंग लावणं, आवाजाचा कोन जुळवणं, ठोका सांभाळणारं यंत्र मध्ये घालणं, यानं फितीवर जे आहे ते नीट वाचलं जातं. ही सुधारणा उतरवण्याआधीची, ती अवश्य करावी. मुंग्या पुसणं, कडा धारदार करणं, चौकटी नव्या बनवणं, ही उतरवल्यानंतरची. त्यात आपण वाचत नाही, लिहितो. लिहायला हरकत नाही, पण खाली नागमोडी रेघ हवी.

आमची तक्रार खरं तर यंत्रांविषयी कमी आणि आपल्या उतावळेपणाविषयी जास्त आहे. दुकानातून पेन ड्राइव्ह घरी आला, की मूळ कॅसेट त्याच आठवड्यात भंगारवाल्याकडे जाते. जागा होते, माळा रिकामा होतो. प्रत कशी आहे हे कुणी शेवटापर्यंत पाहिलेलंही नसतं. पहिली पाच मिनिटं पाहतात. आवाजाची फारकत पाच मिनिटांत कळत नाही, दोन तासांनी कळते.

तेव्हा व्यवहाराचं थोडं सांगून थांबतो. प्रत हाती आली की सुरुवात, मध्य आणि शेवट तिन्ही ठिकाणी ओठ आणि आवाज जुळतात का ते पाहा. जमेल तिथे पिवळ्या वायरीऐवजी एस-व्हिडिओची जोडणी वापरा. तिच्यात उजेड आणि रंग वेगळ्या तारांतून येतात, एकमेकांत कमी मिसळतात. जपण्याची प्रत काहीही न गाळता साठवा. असं केलं तर तासाला साधारण तीसेक जीबी लागतात. डीव्ही पद्धतीनं साठवलं तर तेरा. आज हार्ड डिस्कला एवढं ओझं नाही. आपल्या पद्धतीत एक चौकट दोन हप्त्यांत रंगवलेली असते, आधी एकाआडच्या रेघा, मग उरलेल्या. जपण्याच्या प्रतीत ते हप्ते तसेच ठेवा. कंगव्याचे दात घालवायचे ते पाहण्याच्या प्रतीत. प्रमाण चारास तीनच ठेवा, बाजूला काळे पट्टे आले तर येऊ द्यात. आणि कॅसेट टाकू नका. कोरड्या जागी उभी ठेवा. उद्या अधिक चांगलं वाचणारं कुणी निघेल.

आणखी एक करा. जुने लेखकू पोथीच्या शेवटी पुष्पिका लिहीत. कुणी लिहिलं, कुठे, कोणत्या तिथीला, कुणासाठी. समोरच्या पोथीत जसं दिसलं तसं उतरवलं, चुकलं असेल तर बोल लावू नका, अशा अर्थाचं आर्जवही त्यात असे. आपल्या प्रतीलाही अशी पुष्पिका जोडा. कॅसेट कुठली, व्हीसीआर कोणता, उतरवली कधी, कुठे फीत झिजली आहे, काय बदललं आणि काय बदललं नाही. चार ओळींचं काम. या मुंजीच्या प्रतीला आम्ही ती जोडली. तिच्यात लिहिलंय, की एका ठिकाणी अर्धा मिनिट चित्रावर पांढऱ्या रेघा आहेत. बटू आईच्या मांडीवर बसून जेवतो, ती ती जागा. घरच्यांनी तिथे कितीदा तरी चित्र थांबवून पाहिलं असणार. थांबलेल्या फितीवर हेड एकाच रेघेवर घासत राहतं आणि फीत तिथे झिजते. त्या रेघा आम्ही पुसल्या नाहीत.

प्रश्नांसाठी वेळ ठेवायचा आहे, म्हणून इथे थांबतो. ज्यांच्या पिशवीत आज कॅसेट आहेत, आणि काहींच्या आहेत हे आम्हाला इथून दिसतंय, (हशा) त्यांनी कार्यक्रमानंतर जरूर भेटावं. आधी खिडकीतून बुरशी बघू. मग पुढचं.